नाटकात नसलेला प्रवेश

आमचे बाबा आईशी थेट बोलल्याचं मला लहानपणापासून आठवत नाही. भांडण नव्हतं, अबोला तर मुळीच नव्हता. पद्धतच तशी होती. बाबांचं लग्न झालं तेव्हा वर्धेकडे आजोबांचं भरलेलं घर होतं, आणि मोठ्यांदेखत नवऱ्याने बायकोशी बोलणं म्हणजे आगाऊपणा समजला जाई. पुढे बाबा रेल्वेत लागले, बदल्या होत होत रायपुरात स्थिरावले. मोठी माणसं गावीच राहिली आणि एकेक करून गेली. पद्धत मात्र सामानाच्या ट्रकमधून आमच्यासोबत इथे आली.

मी बोलायला लागले तशी बाबांची सोय झाली. "तुझ्या आईले विचार, भाजी कशाची आहे," असं ते म्हणायचे तेव्हा आई तिथेच पोळ्या लाटत असायची. ती माझ्याकडे बघून म्हणायची, "सांग, लाल भाजी आहे." मी मान वळवून बाबांना सांगायची, "लाल भाजी आहे." तोवर बाबांना काही ऐकू आलेलं नसायचं. माझ्याकडून कळलं की ते मान हलवायचे आणि पाटावर बसायचे. माझा धाकटा भाऊ या कामाला लवकर कंटाळला. तो शाळेत हिंदी शिकला आणि "आप खुद बोलो ना" म्हणून पळून जाऊ लागला. त्यामुळे नोकरी माझ्याकडेच राहिली. मी लग्न केलं नाही, घर सोडलं नाही, म्हणून ती पन्नाशी जवळ आली तरी सुटली नाही.

बाबा स्टेशनमास्तर होते. आम्ही लहान असताना कधी डबा घेऊन गेलो तर त्यांचं काम बघत उभे राहायचो. गाडी सोडायच्या आधी ते पुढच्या स्टेशनाला फोन लावून विचारायचे, लाइन क्लियर आहे काय. तिकडून होकार आला, तो नोंदला, की मगच सिग्नल. होकार येईपर्यंत गाडी कितीही भोंगे देवो, आतले प्रवासी कितीही डोकी बाहेर काढोत, बाबा हलायचे नाहीत. मला तेव्हा त्यांचा फार अभिमान वाटायचा. अजूनही वाटतो.

मी इथल्या एका कॉलेजात इंग्रजी साहित्य शिकवते. अभ्यासक्रमात जुन्या ग्रीक शोकांतिका आहेत. मुलं बहुतेक गाइड वाचून येतात. मराठी घरांतली जी थोडी असतात त्यांना मी मराठीत काही विचारलं तर कळतं सगळं, पण उत्तर हिंदीत येतं. मला त्या नाटकांतल्या बायका आवडतात. राजाची मनाई मोडून भावाच्या प्रेतावर माती टाकणारी बहीण. मुलीचा बळी देणाऱ्या नवऱ्याला वर्षं लोटली तरी माफ न करणारी राणी. परक्या देशात नवऱ्याने टाकल्यावर गप्प न बसणारी बाई. ज्या नगरात बायकांना सभेत तोंड उघडायची सोय नव्हती, तिथल्या रंगमंचावर या बायका राजाला तोंडावर नाही म्हणतात. हे शिकवताना माझा आवाज चढतो. एकदा शेजारच्या वर्गातले सर डोकावून गेले, "मॅडम, सब ठीक है ना?" मी म्हटलं, सब ठीक आहे, एक राजा तेवढा संकटात आहे.

आई राज्य सरकारच्या सचिवालयात होती, शेवटची वर्षं नव्या रायपुरात. सकाळी स्टाफच्या बसने त्या रुंद, मोकळ्या रस्त्यांवरून जायची आणि दिवेलागणीला परत यायची. निवृत्त झाल्यावर तिला संध्याकाळ मोठी वाटू लागली. मी घरी आले की ती ओट्यापाशी मला बसवायची आणि म्हणायची, "बोल, आज कोणती बाई शिकवली?" मी भाजी निवडत गोष्ट सांगायची. आईचे प्रश्न माझ्या विद्यार्थ्यांपेक्षा बरे असायचे. एकदा तिने विचारलं, "अन् स्टेजवर या बाया कोण व्हायचं?"

"पुरुषच. मुखवटे लावून."

"म्हणजे ते 'नाही'ही पुरुषच म्हणून राहिले होते," आई म्हणाली आणि मटारची टोपली माझ्याकडे सरकवली.

त्यांतलं एक नाटक मला मनापासून आवडत नसे. त्यातल्या राजाचं मरण जवळ आलेलं असतं. देवांनी त्याला सवलत दिलेली असते की तुझ्याऐवजी दुसरं कोणी मरायला तयार झालं तर तू वाचशील. तो म्हाताऱ्या बापाला विचारतो, आईला विचारतो. ते दोघं साफ नाही म्हणतात. शेवटी बायको तयार होते आणि मरते, सगळं नगर तिचे गोडवे गातं. पुढे घरी आलेला एक बलवान पाहुणा मृत्यूशी झुंजून तिला परत आणतो, आणि नाटक गोड होतं. मी हे नाटक वर्गात नाक मुरडूनच शिकवायची. बाकीच्या वाघिणी आणि ही एकटी गाय, असं माझं मत होतं.

एका संध्याकाळी आईला तेही सांगितलं, तर तिने हात थांबवला. "त्यानं तिले विचारलं कसं?"

"कसं म्हणजे?"

"म्हणजे केव्हा विचारलं? जेवताना? का पोराच्या हाती निरोप धाडला?"

मी म्हटलं, तो प्रवेश नाटकात नाहीच. नाटक सुरू होतं तेव्हा सगळं ठरून गेलेलं असतं.

"अन् परत आल्यावर ती काय म्हणते?"

"काही नाही. तोंडावरून पदर घेऊन गप्प उभी राहते. नाटक संपतं."

"मंग तुमचं नाटक अर्धंच आहे," आई म्हणाली. मी तावातावाने समजावू लागले की ती त्या नाटकांची रीत आहे, मोठ्या गोष्टी दाराआड घडतात, आणि मग एक दूत बाहेर येऊन काय घडलं ते सांगतो. आईने माझ्याकडे पाहिलं आणि तिला हसू आवरेना. "म्हणजे तू," ती म्हणाली. मीही हसले, पण जरा झोंबलंच.

पुढच्या उन्हाळ्यात बाबांच्या पायांवर सूज आली. तपासण्या झाल्या आणि दोन्ही किडन्या जवळपास संपल्याचं कळलं. डायलिसिस सुरू झालं. घरातलं जेवणखाण बदललं. आई भाज्या चिरून, त्यांतले क्षार उतरावेत म्हणून पाण्यात ठेवायची, पाणी फेकायची, पुन्हा ठेवायची. लाल भाजी बंद झाली. बाबांना दिवसभराचं पाणी एका तांब्यात काढून दिलेलं असायचं आणि ते त्या तांब्याकडे बघत बसायचे. चांगला धिप्पाड माणूस, पण डायलिसिसहून परतताना पायऱ्यांशी थांबायचा. मला ते बघवत नसे.

डॉक्टर म्हणाले, किडनी बदलता आली तर बरं. माझा रक्तगट जुळला नाही. भावाने बंगलोरहून येऊन तपासणी करून घेतली, तर त्यालाच साखर निघाली. तो दवाखान्याच्या बाकावर डोकं धरून बसला. आईचा गट जुळत होता. डॉक्टरांनी हे सांगितलं तेव्हा आम्ही सगळ्यांनी एकदम श्वास सोडला. "आई आहेच," भाऊ म्हणाला. "आई आहेच," असं मीही फोनवर मावशीला सांगितलं. बाबा मला म्हणाले, "तुझ्या आईले सांग, उद्या उपाशीपोटी यायचं आहे." आईच्या तपासण्या सुरू झाल्या. ती प्रत्येक ठिकाणी आली, हात पुढे केला, रक्त दिलं, मशिनीत झोपली. बोलली काही नाही. आम्ही बोलतच होतो, त्यामुळे ते लक्षात आलं नाही.

नियम असा आहे की किडनी देणाऱ्याला समितीसमोर एकटं बोलावतात आणि विचारतात की तुम्ही राजीखुशीने देताय ना, घरच्यांचा दबाव नाही ना. आम्हाला वाटलं, औपचारिकता आहे. आई आत गेली. मी आणि बाबा बाहेर बसलो. आई बाहेर आली आणि माझ्या शेजारी शांतपणे बसून चष्मा पुसू लागली. तिच्यामागून तिथलं सगळं जुळवून आणणारी तरुण मुलगी आली. तिला सगळे दीदी म्हणत. तिने मला बाजूला घेतलं.

"मॅम, अभी रोकना पड़ेगा। आंटी बोल रही हैं कि उनसे अभी तक किसी ने पूछा ही नहीं।"

मला आधी वाटलं, हिला भाषेचा घोळ झाला असेल. मग मी आईकडे पाहिलं. तिने चष्मा लावला आणि माझ्या नजरेला नजर दिली. घोळ कसलाच नव्हता.

गाडी मी चालवत होते. बाबा माझ्या शेजारी बसले होते, आई मागे. उरल्याच्या कारखान्यांकडून येणारे ट्रक चौकात अडले होते आणि काचेवर धूळ बसत होती. बाबा समोर बघत म्हणाले, "तुझ्या आईले विचार, आत असं काहून सांगितलं."

मागून आई म्हणाली, "सांग, त्यांनी खरं विचारलं, म्हणून खरं सांगितलं."

मी काहीच सांगितलं नाही. दोघांनाही ऐकू गेलं होतं.

संध्याकाळी भावाचा फोन आला. "आई को हो क्या गया है?" तो ओरडत होता. मी त्याला गप्प केलं आणि स्वतः स्वयंपाकघरात जाऊन नको तेवढ्या जोरात विचारलं, "आई, तू देऊन राहिली ना? मंग हे काय नाटक?"

"देईन का नाही हे मले तरी कुठं माहीत आहे," आई म्हणाली. तिचा आवाज नेहमीचाच होता. "विचारल्याशिवाय माणूस विचार करते काय? तुम्ही सगळे ठरवून मोकळे झाले. आमच्या ऑफिसात पंखा बदलायचा असला तरी त्या टेबलावरच्या माणसाले विचारत." मग ती ओट्याला टेकली. "मले भेव वाटते. पोट फाडणार आहेत माझं. हे कोणी एकानं तरी विचारलं काय, की तुले भेव वाटते काय?"

मी खरंच विचारलं नव्हतं. मी वर्गात बायकांच्या नकारावर घसा कोरडा करत होते आणि घरात आई नाही म्हणेल या कल्पनेनेच माझा आवाज चढला होता. ती नाही म्हणाली असती तर मला तिचा राग आला असता, हेही खरं. बाबा मला हवे होते.

मी बाहेर येऊन बाबांना सांगितलं, की आईला विचारायला हवं. बाबा म्हणाले, "बरं. विचार तिले, देशील काय म्हणा."

मी आत गेले. "आई, किडनी देशील काय?"

"कोण विचारून राहिलं?"

"बाबा."

"मले तर तू दिसून राहिली," आई म्हणाली. तिने गॅस बारीक केला. "त्यायले सांग, जन्मभर पुढच्या स्टेशनाले विचारल्याशिवाय गाडी नाही सोडली. मालगाडीही नाही सोडली. मले विचारायले तोंड नाही काय?"

मी तो निरोप जसाच्या तसा पोचवला. बाबांनी टीव्ही बंद केला. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. हिशेब चुकल्यावर माणूस पुन्हा वरपासून बघायला लागतो, तसे ते दिसत होते. मी त्यांच्यासमोर उभी राहिले आणि म्हणाले, "बाबा, हा शेवटचा. यापुढं मी कोणाचा निरोप नेणार नाही." इतक्या वर्षांची नोकरी मी तिथे उभ्याउभ्या सोडली.

मग निरोप थांबले. बाबा डायलिसिसला जात होते, येत होते. त्यांनी आधी भिंतीशी बोलून पाहिलं. "चहा झाला असंल," ते कॅलेंडरकडे बघून म्हणायचे. भिंत काही बोलत नसे, मीही नाही. आई वेळेवर चहा आणून ठेवायची, औषधं काढून ठेवायची, कुठे काही कमी पडू देत नव्हती. एकदा वाटलं ते तिला हाक मारणार. तोंड उघडलं आणि मिटलं. मग माझ्या लक्षात आलं, त्यांना हाक मारायची म्हणजे काय म्हणायचं हेच माहीत नव्हतं. नाव त्यांनी कधी घेतलं नव्हतं. मला त्यांची फार दया आली, पण मी जागची हलले नाही.

एका दुपारी मी बाहेरच्या खोलीत उत्तरपत्रिका तपासत होते. त्याच नाटकांवरचा पेपर होता. बाबा खोलीतून निघाले, माझ्यासमोरून गेले आणि स्वयंपाकघराच्या दाराशी चौकटीला हात लावून उभे राहिले. मला त्यांची पाठ दिसत होती. आतून भांड्यांचा आवाज येत होता.

"ऐकलं काय," बाबा म्हणाले.

भांड्यांचा आवाज थांबला.

"मले किडनी पाहिजे," बाबा म्हणाले. ते थांबले, मग पुन्हा सुरुवात केली. "तुझी. देशील काय तू?" आणि जरा वेळाने, हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं, "नाही म्हटलं तरी चालते. डायलिसिसवर लोक राहतात. मी पाहून राहिलो ना तिथं. तुले भेव वाटत असंल तर राहू दे."

मग आई म्हणाली, "पाय सुजले आहेत. आधी बसा." स्टूल सरकवल्याचा आवाज आला. बाबा आत गेले, आता मला त्यांची पाठही दिसेना.

"विचार करून सांगते," आई म्हणाली.

"हव," बाबा म्हणाले.

मला रडू आलं. उत्तरपत्रिका भिजू नये म्हणून मी ती बाजूला सरकवली. कोणा विद्यार्थिनीने त्यात लिहिलं होतं की नवऱ्याऐवजी मरणारी राणी पतिव्रता होती. मी तिला मार्क दिले नाहीत, कापलेही नाहीत, पेपर तसाच ठेवून दिला.

आईने खरोखरच विचार केला. ती सकाळी तळ्याकडे फिरायला जायची आणि एरवीपेक्षा उशिरा यायची. दीदीला तिने स्वतः फोन करून विचारलं की नंतर जड बादली कधी उचलता येईल, एका किडनीवर माणसाला काय त्रास होतो, आणि ऑपरेशनच्या टेबलावर काही झालं तर. मावशीशी ती दार लावून बोलली. भाऊ मला रोज विचारायचा, "बोली क्या?" मी म्हणायची, मला माहीत नाही, आणि ते खरं होतं. बाबा मात्र शांत होते. ते व्हरांड्यात खुर्ची टाकून बसायचे. तिकडून होकार येईपर्यंत थांबायचं, हे काम त्यांना येत होतं.

मग एका सकाळी आई अर्धा कप चहा घेऊन व्हरांड्यात गेली. मी तुळशीला पाणी घालत होते. तिने कप त्यांच्या हातात दिला आणि म्हणाली, "देते."

बाबांनी कप खाली ठेवला. त्यांचे डोळे भरून आले होते.

"पण एक आहे," आई म्हणाली. "आता मधे पोट्टीले घालायचं नाही."

"हव," बाबा म्हणाले. "नाही घालत."

समितीने पुन्हा बोलावलं. या वेळी आई आत गेली आणि लवकर बाहेर आली. दीदी मागून हसत आली. तिने मला सांगितलं, "आंटी बोलीं, हाँ, पूछा। देर से पूछा, पर पूछा।"

ऑपरेशन पार पडलं. बाबांना काचेच्या खोलीत एकटं ठेवलं होतं, तिथे कोणाला जाऊ देत नव्हते. आई दुसऱ्या मजल्यावर होती. तिला बोलायलाही त्रास होत होता. ओठ कोरडे पडले होते, आणि मी कापूस ओला करून त्यांना लावत होते. तेवढ्यात बाबांकडची नर्स आली.

"आंटी, अंकल पुछवा रहे हैं, आप कैसी हैं?"

आईने डोळे मिटलेलेच ठेवले. "उनको बोलो," ती म्हणाली, "खुद पूछें।"

नर्सने माझ्याकडे पाहिलं. मी कापसाकडे पाहत राहिले. नर्स हसत निघून गेली.

थोड्या वेळाने टेबलावरचा फोन वाजला. बाबांचा फोन नेहमी माझ्या मोबाइलवर यायचा, घरी काय हवंय ते सांगायला, आणि मी ते आईला सांगायची. हा आईचा फोन वाजत होता. तिने डोळे उघडले आणि तो जरा वाजू दिला. मग हात पुढे केला.

"बोला," ती म्हणाली.

मी उठले, बाहेर आले आणि दार ओढून घेतलं.